जानेवारीत जन्मलेलं गाव

इस्तम मुअल्लिमांच्या तोंडून 'कदाचित' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. इस्फऱ्याच्या तंत्रशाळेत त्यांनी एकतीस वर्षं मास्तरकी केली. आधी गणित शिकवलं, आणि पुढे शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा दुसरं कुणी तयार होईना म्हणून कॉम्प्युटरही शिकवला. "आहे किंवा नाही. मधलं मशीनला कळत नाही आणि मलाही कळत नाही," असं ते वर्गात सांगत. घरी बायकोशीही तोच खाक्या. लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरच्याने सांगितलेला आकडा दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. माणूस वाईट नव्हता. पण आपण चुकत नाही याची त्यांना सवय लागली होती, आणि ही सवय दारूपेक्षा उशिरा सुटते.

निवृत्त झाल्यावर असा माणूस एरवी चायखान्यात बसून लोकांचं डोकं खातो. मुअल्लिमांना मात्र काम मिळालं, आणि तेही सगळ्या शहराने डोक्यावर घ्यावं असं.

आमच्या भागातले निम्मे बापये रशियात. कुणी बांधकामावर, कुणी बाजारात हमाल, कुणी पावाच्या भट्टीवर. त्या दोन हजार चौदा सालात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, यादी. नोंदणीला उशीर झाला, दोनदा दंड बसला, की नाव यादीत. यादीत नाव म्हणजे त्या देशात पाऊल टाकायला बंदी. आणि गंमत अशी की तुमचं नाव आलंय हे तुम्हाला कुणी कळवायचं नाही. ते एका वेबपानावर मुकाट पडून असायचं: नाव, जन्मतारीख, गाव, बंदी कुठपर्यंत. बंदी असताना जो सरहद्दीच्या चौकीवर जाऊन उभा राहील त्याला डांबून परत पाठवायचे, आणि वर दहा वर्षांची नवी बंदी ठोकायचे. म्हणून निघण्याआधी यादी बघणं ही जिवाची गोष्ट झाली होती.

बघणार कसं? पान अवजड, हजारो ओळींचं. आमच्याकडचं इंटरनेट म्हाताऱ्या गाढवासारखं, मनात येईल तेव्हा चालायचं. हिवाळ्यात वीज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. मुअल्लिमांनी ठरवलं की सगळं पान उचलून आपल्या जुन्या लॅपटॉपमधल्या डेटाबेसमध्ये आणायचं, म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर नाव शोधता येईल. डेटाबेस त्यांच्या हातचा मळ होता. शाळेची हजेरी, पगार, वाचनालय, सगळं त्यांनी त्यातच बसवलेलं. तीन आठवडे बसून त्यांनी कोड लिहिला. पहाटे वीज आली की कोड पान उघडायचा, त्याच्या पोटातला तक्ता शोधायचा, एकेक ओळ घ्यायचा, ओळीतले रकाने सुटे करायचा आणि डेटाबेसमध्ये भरायचा. पानावर तारखेच्या आकड्यांमध्ये टिंबं असायची. मुअल्लिमांनी टिंबांच्या जागी तिरप्या रेघा घातल्या आणि तारखा आत ढकलल्या.

मग रीतसर चाचणी घेतली. पानाची एक नक्कल काढली आणि तिच्यात स्वतःचं नाव घुसडलं, जन्म एक जानेवारी. बायकोचं घातलं, जन्म पंचवीस सप्टेंबर. कोड चालवला. दोघंही जशीच्या तशी आत आली. "बघ, तुला बंदी आहे," मुअल्लिम बायकोला म्हणाले.

"एकतीस वर्षं आहेच," बायको म्हणाली.

तेव्हापासून दाराशी रांग लागायला लागली. माणूस पासपोर्ट दाखवायचा, मुअल्लिम नाव आणि तारीख टाकायचे आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहून द्यायचे: 'पाक', म्हणजे स्वच्छ, किंवा 'आहे'. एक पैसा घेत नसत. लोक त्यांच्यासाठी वाळवलेले जर्दाळू आणायचे, दुवा द्यायचे.

आता खोजाचश्म्याचं सांगायला हवं. मुअल्लिमांचं मूळ गाव, डोंगरात वर, खोजा या पीराच्या झऱ्याकाठी. सोवियत काळात तिथे जन्माची नोंद करायला खालून कारकून यायचा तो महिन्याच्या एक तारखेला, ट्रकच्या टपावर बसून. महिनाभरात जन्मलेली सगळी पोरं त्याच्यापुढे मांडायची, आणि तो बाबा सगळ्यांचा जन्म त्याच दिवशीचा लिहून, पुलाव खाऊन परत जायचा. त्यामुळे खोजाचश्म्यात ज्याला त्याला विचारा, जन्म एक तारखेचा. एक मार्च, एक ऑगस्ट, एक डिसेंबर. खुद्द मुअल्लिमांचा एक जानेवारी. खालचे लोक यावरून त्यांची टर उडवायचे, आणि गावालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

फेब्रुवारीत त्या गावचे एकेचाळीस जण एकाच बसने निघणार होते. मुअल्लिमांनी लॅपटॉप घेऊन रविवारी गावात जाऊन एकेकाचं नाव तपासलं. एकही सापडेना. एकेचाळीसच्या एकेचाळीस पाक! शहरात दर सातांत एक निघत होता, आणि इथे एवढ्या माणसांत एकही नाही. याचं आश्चर्य वाटायला हवं होतं. मुअल्लिमांना अभिमान वाटला.

"खोजाच्या झऱ्याचं पाणी आहे हे," हाशिम बोबो म्हणाले. बोबो म्हणजे गावचे आजोबा, मशिदीचे कारभारी. "आमच्या माणसाचं नाव कुठल्या यादीत येणार नाही."

"बोबो, मशीन झरा ओळखत नाही," मुअल्लिम म्हणाले. "मशीन म्हणतंय पाक, तर पाक. मी लिहून देतो."

गावाने बकरा कापला. मुअल्लिमांना मानाच्या जागी बसवलं आणि अंगावर नवा कोरा जोमा घातला, सोनेरी काठाचा रजईचा झगा. लहानपणी ज्या गावात अनवाणी फिरले त्या गावात तो झगा घालून बसताना त्यांना काय वाटलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होतं.

त्या एकेचाळिसांत तोहिर होता. मुअल्लिमांच्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा. शहरात त्यांच्याच घरी राहून शिकला. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि तोहिर त्यांना चुलता या अर्थी 'अमाक' म्हणत असला तरी बाप कोण आणि चुलता कोण हा हिशेब दोघांनीही कधीच सोडून दिला होता. तोहिरने रशियात व्होल्गाकाठच्या एका गावात रुशानिया नावाच्या तातार मुलीशी लग्न केलं होतं. तिची आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून इकडे येणं रुशानियाला शक्य नव्हतं. मुलगी अलिया, येत्या शनिवारी चार वर्षांची होणार होती. तोहिर बापाच्या मयतीला म्हणून आला आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत राहिला. आता त्याच्या पिशवीत अलियासाठी लाल बूट होते.

सोमवारी उजाडताना बस सुटली. तोहिरने रीतीप्रमाणे घरच्या भाकरीचा एक घास तोडला, आणि उरलेली भाकर आईने, मस्तुराने, तो परत येईपर्यंत खिळ्याला टांगून ठेवली.

मंगळवारी दुपारी मुअल्लिमांच्या दारात सनोबर नावाची बाई येऊन उभी राहिली. खालच्या मोहल्ल्यातली. हातात 'पाक' लिहिलेली चिठ्ठी आणि नवऱ्याचा पासपोर्ट.

"मुअल्लिम, हे तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"माझ्या नवऱ्याला विमानतळावरनं परत पाठवला. म्हणे यादीत होता. सहा महिन्यांपासून होता! तुम्ही कुठली यादी बघता, लग्नाच्या पाहुण्यांची?"

"शक्य नाही," मुअल्लिम म्हणाले. त्यांनी तिच्या नवऱ्याचं नाव शोधलं. नाव होतं. पण जन्म आठ मेचा, आणि पासपोर्टवर होता पाच ऑगस्टचा. "हा दुसरा माणूस आहे, अपा."

"त्याच नावाचा, त्याच बापाचा, त्याच गावचा दुसरा? मग माझ्या सासूला विचारायला हवं."

पाच ऑगस्ट. आठ मे. पाच, आठ. आठ, पाच. मुअल्लिमांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी सनोबरला काय सांगून वाटेला लावलं ते त्यांना पुढे आठवेना. दार लावलं आणि यादीतल्या खोजाचश्म्याच्या सगळ्या ओळी काढल्या. चौदा माणसं होती. चार जानेवारी. नऊ जानेवारी. बारा जानेवारी. सात जानेवारी. सगळीच्या सगळी जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांत जन्मलेली. ज्या गावात एक तारखेखेरीज कुणी जन्मत नाही, ते गाव एका महिन्यात आणि बारा दिवसांत कसं जन्मलं?

हाताने टाकलेली तारीख तो डेटाबेस आपल्यासारखीच वाचतो, पण कोडमधून दिलेली अमेरिकन पद्धतीने वाचतो, आधी महिना मग दिवस. दिवस बारापेक्षा मोठा असला तर तेवढा महिना नसतो, म्हणून तो गुपचूप उलटी वाचतो आणि बरोबर आणतो. पंचवीस सप्टेंबर बरोबर आला तो त्यामुळे. एक जानेवारी उलटला तरी एक जानेवारीच. मुअल्लिमांनी चाचणीला जगातल्या नेमक्या अशा दोन तारखा निवडल्या होत्या ज्या काही सांगणार नव्हत्या. पान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चूक एका ओळीची होती, आणि ती ओळ त्यांची होती.

ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी बसमधली एकेचाळीस नावं पुन्हा टाकली. सहा निघाले. सहावा तोहिर. जन्म एक जुलै. बंदी दहा एप्रिलपर्यंत.

दहा एप्रिल! फक्त सात आठवडे. सात आठवडे तो आईच्या घरात शेगडीपाशी पाय पसरून बसला असता तर अलियाकडे राजासारखा गेला असता. आणि उद्या दुपारनंतर बस चौकीवर पोचली की दहा वर्षं. मुअल्लिम मोठ्याने रडले. बायको धावत आली तर तिला म्हणाले, "वीज गेली." वीज चालू होती.

तोहिरचा फोन बंद होता. आपली सरहद्द ओलांडून बस कझाक मुलखात शिरली की आमची माणसं इथलं कार्ड काढून ठेवतात. कुदरत ड्रायव्हरचा कझाक नंबर मस्तुराकडे होता, कारण वाटेत पोराला काही झालं तर म्हणून तिने तो हट्टाने मागून घेतला होता. पण खोजाचश्म्यात फोन लागत नाही, आणि बर्फ पडल्यावर दुपारनंतर वर जाणारी गाडीही मिळत नाही. बुधवारी सकाळी पहिल्या गाडीने मुअल्लिम वर गेले. थंडी मरणाची होती म्हणून बायकोने खांद्यावर तो जोमाच टाकला. काढायचं त्यांना सुचलं नाही.

मस्तुरा अंगणात उभी होती. अंगण तीन दिवसांचं, न झाडलेलं. माणूस लांबच्या वाटेला गेला की तीन दिवस आम्ही केरसुणी लावत नाही आणि त्याला मागून हाक मारत नाही. वाट तुटते म्हणतात.

"यांगा, कुदरतचा नंबर द्या," मुअल्लिम भावजयीला म्हणाले.

"का?"

"थोडं काम आहे तोहिरशी."

"थोडं असेल तर उद्या करा. आज तिसरा दिवस आहे. मी नाही माझ्या पोराला मागून हाक मारू देणार."

"यांगा, अडाण्यासारखं करू नका!"

"अडाणी तर अडाणी. नवरा गेला तेव्हा तुमच्या शहाण्या डॉक्टरांनी काय केलं?" तिने ओढणीची गाठ मुठीत धरली. नंबर त्या गाठीत होता हे मुअल्लिमांना कळलं, पण भावजयीच्या ओढणीला हात कसा लावणार? ते तिला समजावत राहिले: निरोप आहे, कागद राहिलाय, बुटांचं माप चुकलंय. माणूस स्वतःची चूक झाकायला काय काय रचतो! असा पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचा हिशेब मुअल्लिम अजून करतात.

शेवटी ते पायरीवर मटकन बसले. "तो यादीत आहे, यांगा."

मस्तुरा त्यांच्यासमोर खाली बसली. "तुम्ही पाक म्हणाला होतात."

चूक आपली आहे, हे मुअल्लिमांना आत्ता सांगायचं होतं. जीभ रेटेना.

"पान चुकलं," ते म्हणाले. "त्या पानावरच्या तारखा चुकलेल्या होत्या."

तिने गाठ दातांनी सोडली.

फोन लागतो तो गावावरच्या टेकाडावर, खोजाच्या दर्ग्यापाशी. दोघं गुडघाभर बर्फातून चढली. मागोमाग हाशिम बोबो आले, आणि मग बसमधल्या माणसांचे बाप, भाऊ, बायका. पान चुकलंय ही बातमी एवढ्यात गावभर झाली होती. मुअल्लिम नंबर फिरवत राहिले. फोनमधली बाई रशियनमध्ये सांगायची, संपर्क क्षेत्राबाहेर. सत्तावीस वेळा सांगितलं. अठ्ठाविसाव्यांदा कुदरत बोलला.

"हां, मुअल्लिम! चौकी दीड तासावर आली. काय म्हणतंय गाव?"

"बस थांबव. थांबव आधी!"

"इथं? बाहेर उणे वीस आहे. एक चायखाना दिसतोय पुढं, तिथं घेतो. काय झालं?"

"आवाज मोठा कर, सगळ्यांना ऐकू दे." मुअल्लिमांनी सहा नावं वाचली. शेवटचं तोहिरचं. "हे सहा जण उतरा. तुम्ही यादीत आहात."

बसमध्ये गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "रविवारी बकरा खाऊन पाक, आणि बुधवारी पचला की यादीत होय?" लोक हसले. पण हसता हसता सामान ओढल्याचेही आवाज आले. पाच जण उतरायला निघाले. घाबरलेला माणूस फार वाद घालत नाही. मग फोन तोहिरने घेतला.

"अमाक."

"बाळा, उतर. दहा एप्रिलपर्यंतच आहे. सात आठवडे."

"रविवारी तुम्ही स्वतः बघितलं होतंत."

"बघितलं होतं. पान चुकलं होतं."

तोहिरला त्यांनीच शिकवलं होतं, तो त्यांच्यासारखाच विचार करायचा. "म्हणजे ते पान चुकतं," तो म्हणाला. "मग ते रविवारी चुकलं होतं की आज चुकतंय? अमाक, शनिवारी अलियाचा वाढदिवस आहे. मी तिला शब्द दिलाय. तुम्ही फक्त सांगा, खात्री आहे?"

खात्री होती. दोन आणि दोन चार इतकी होती. पण ती सांगायची तर पान बरोबर होतं आणि चूक माझी होती, हे सांगावं लागणार होतं. आणि टेकाडावर सगळं गाव उभं होतं. हाशिम बोबो कानामागे हात धरून ऐकत होते. सोनेरी काठाचा झगा मुअल्लिमांच्या अंगावर होता.

"पानाचं..." मुअल्लिम म्हणाले. "पानाचं काही सांगता येत नाही रे. पण तू उतर. माझं ऐक, उतर."

"सांगता येत नाही म्हणताय, आणि उतर म्हणताय."

"तोहिर, उतर!" मस्तुराने फोन हिसकावून घेतला. "माझ्या दुधाची शपथ आहे तुला!"

"आई, तिसऱ्या दिवशी मागून हाक मारतेस?" तोहिर म्हणाला. त्याचा आवाज प्रेमळ होता. "अमाकांनाच माहीत नाही तर मी काय करू? माझं नाव दुसऱ्याही कुणाचं असेल. जातो मी. पोचलो की फोन करतो."

मुअल्लिमांनी फोन परत घेतला तेव्हा तो तुटला होता. त्यांनी पुन्हा लावला. बाईने सांगितलं, संपर्क क्षेत्राबाहेर. ते लावत राहिले, बॅटरी संपेपर्यंत. मग दुसऱ्यांचे फोन मागून लावत राहिले. सूर्य कलला, लोक एकेक करून खाली गेले. मस्तुरा शेवटपर्यंत उभी होती. ती त्यांना काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पाच जण चौथ्या दिवशी घरी परतले आणि एप्रिल-मेमध्ये आपापल्या बंदीची मुदत संपल्यावर गेले. त्यातल्या दोघांनी मुअल्लिमांना मेंढी आणून दिली. ती त्यांनी न बांधताच परत पाठवली.

तोहिर मार्चच्या मध्यावर आला. बावीस दिवस त्याला डांबलं होतं, आणि पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का होता. आईला भेटून दुसऱ्या दिवशी तो शहरात चुलत्याकडे आला. मुअल्लिमांना वाटलं, आता हा भांडेल. त्यांना ते हवंच होतं. पण तोहिरने चहा घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "अमाक, पान नेमकं कुठं चुकलं होतं?"

मुअल्लिमांनी लॅपटॉप उघडला. ती ओळ त्याला दाखवली, आधीची आणि नंतरची. एक शब्द लपवला नाही. "पान चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. मी चुकलो होतो."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"म्हणजे फोनवर बोलताना माहीत होतं."

"होतं."

"खात्री होती?"

"होती. लाज वाटली रे. लोक होते तिथं."

तोहिरने खिशातून फोन काढून नंबर लावला. पलीकडे कुणी उचलल्यावर रशियनमध्ये म्हणाला, "रुशा, अलियाला दे." आणि फोन मुअल्लिमांपुढे धरला. "ती रोज विचारते. मी सांगितलंय की एक पान चुकलं. तुम्ही मास्तर आहात, तुम्ही तिला नीट समजावून सांगा."

मुअल्लिमांनी फोन कानाला लावला. फोनमधून पातळ आवाज आला, "कोण?"

"मी इस्तम आजोबा. बाळ, ते पान चुकलं नव्हतं. मी चुकलो होतो."

"मग खोडा ना," अलिया म्हणाली.

"खोडलं मी. त्याच दिवशी खोडलं."

"मग बाबा कधी येणार?"

मुअल्लिमांनी तोहिरकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. तो मदत करणार नव्हता.

"तू चौदा वर्षांची होशील तेव्हा," मुअल्लिम म्हणाले. पलीकडे पोर बोटांवर मोठ्याने मोजू लागली. ते तिचं मोजून होईपर्यंत फोन कानाला लावून बसले.